आवाजाचा बांध

डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असतं. पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत 'डॉल्बी' म्हणजे टेम्पोवर किंवा ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डॉल्बी लावला', 'डॉल्बी फोडला', 'डॉल्बीमुक्त मिरवणूक' या सगळ्या बोलण्यात शब्दाचा अर्थ एकच : छातीत धडकणारा आवाज. ज्या रे डॉल्बींच्या नावावरून हा शब्द आला, त्यांनी मात्र नाव कमावलं ते आवाज वाढवून नव्हे, तर नको असलेला आवाज कमी करून. मराठीने त्यांच्या आडनावाचा अर्थ नेमका उलटा केला.

हा लेख डॉल्बींच्या चरित्राचा नाही. त्यांचं यंत्र, मोटारीच्या डिकीतला बुफर, गोंधळ्याचं संबळ आणि पोलिसांच्या हातातला आवाज-मापक हे सगळे एका रेषेपाशी एकत्र येतात. त्या रेषेचा हा इतिहास आहे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. वरचे स्वर कोणत्या स्पीकरने वाजवायचे आणि खालचे कोणत्या, हे जिथे ठरतं ती जागा. शेतीच्या भाषेत बोलायचं तर तो आवाजाचा बांध.

हा विषय माझ्या हाती लागला तो भीमेच्या काठी. मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या दक्षिणेकडचं नदीकाठचं गाव. पलीकडच्या तीराला दौंड तालुका. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे साखर कारखाने याच पट्ट्यातले. गळीत हंगाम सुरू झाला की इथले रस्ते दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरून जातात, आणि रात्री ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा बुफर ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, चाल कळत नाही, फक्त ठोका कळतो. शब्द आणि चाल वाटेत गळून पडतात आणि ठोका तेवढा पुढे येतो, असं का व्हावं, या साध्या प्रश्नातून पुढचं वाचन सुरू झालं. अभियांत्रिकीची पदवी माझ्यापाशी नाही. जुने शोधनिबंध, न्यायालयाचे निकाल आणि गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्या कारागिरांच्या गप्पा एवढीच माझी साधनं.

वाटणी कशासाठी?

एकाच वाद्याला सगळे स्वर सारख्या जोरात काढता येत नाहीत, ही गोष्ट वीज येण्याच्या कितीतरी आधी आपल्या वादकांना माहीत होती. तबल्याला डग्ग्याची जोड आहे. संबळाची भांडी दोन असतात, एक मोठं, एक लहान. ढोलाबरोबर ताशा लागतो. ताशाशिवाय ढोल मुका वाटतो आणि ढोलाशिवाय ताशा पोरका. पखवाजाचं अंग एकच, पण तोंडं दोन : उजव्या तोंडावर कायमची शाई आणि डाव्यावर दर वेळी ताजी कणीक. कणकेच्या वजनाने डावं तोंड संथ हलतं आणि त्याचा आवाज खाली उतरतो. चामड्यावर असं वजन दिल्याने काय घडतं याचा शास्त्रीय उलगडा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडला. नोबेल मिळण्याआधीची ही दहा वर्षं.

स्पीकरचंही तसंच आहे. स्पीकर म्हणजे पुढे-मागे हलणारा कागदाचा पडदा. तोच जोर ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे कंपनसंख्या निम्मी करायची, तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ८० हर्ट्झला जो पडदा एक मिलिमीटर हलतो, त्याने ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलायला हवं. मोटारीच्या दारातल्या सहा इंची स्पीकरला हे झेपत नाही. तो फडफडतो, आणि त्याच वेळी त्याच पडद्यावर चाललेला गायकाचा आवाजही गढूळ होतो. उलट, बारा इंची जड पडदा खर्जात आरामात हलतो, पण झांजेची किणकिण त्याच्या अंगी नाही. म्हणून वाटणी करायची. खालचं रान मोठ्या भावाला, वरचं धाकट्याला, आणि मध्ये बांध.

हा बांध भिंतीसारखा उभा नसतो; त्याला उतार असतो. सर्वांत साध्या मांडणीत बांधापलीकडे दर सप्तकाला आवाज सहा डेसिबलने उतरतो. पुढच्या मांडण्यांत बारा, अठरा, चोवीस. बांधावर दोन्ही स्पीकर वाजत असतात, एक येतो आहे, एक जातो आहे. त्या दोघांचं पाऊल एका तालात पडलं नाही, एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे गेला, तर नेमका तिथलाच आवाज नाहीसा होतो. कारागीर यावर सोपा उपाय करतात. बुफरच्या दोन तारा उलट्या जोडून पाहतात, आणि चालकाच्या जागी बसल्यावर ज्या जोडणीत खर्ज भरदार येतो ती कायम ठेवतात. याच अडचणीचं गणिती उत्तर हे पुढे शोधनिबंधांचे विषय झाले. ब्रिटनच्या स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये गाळणीचं गणित दिलं. १९७६ मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्या मदतीने असा उतार मांडला, ज्यात बांधावर दोन्ही स्पीकर सहा-सहा डेसिबल खाली असतात आणि दोघांची बेरीज मात्र सपाट येते. आज कोणत्याही चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये या दोघांच्या नावाची मांडणी सापडते.

टेलिफोनपासून तंबूपर्यंत

आवाज वेगळा करण्याची गाळणी मुळात संगीतासाठी जन्मली नाही. एकाच तारेवरून अनेक संभाषणं पाठवायची तर त्यांच्यात बांध घालणं भाग होतं. अमेरिकी टेलिफोन कंपनीतले जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीतले कार्ल विली वाग्नर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही गाळणी स्वतंत्रपणे सिद्ध केली. १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज आपण ओळखतो तो कागदी शंकूचा स्पीकर दिला. गाळणी होती, स्पीकर होता. दोघांची गाठ बोलपटाने घातली.

या इतिहासात १९३३ हे साल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. तिकडे त्याच वर्षी २७ एप्रिलला बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर यांनी एक विलक्षण प्रयोग केला. फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात आणला. मंचावर एकही वादक नव्हता, फक्त स्पीकर होते, आणि नियंत्रणाच्या खुंट्या वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या हातात होत्या. प्रत्येक स्पीकर-संचाचे दोन भाग होते. खर्जासाठी मोठा कर्णा, वरच्या स्वरांसाठी लहान कर्ण्यांचा झुपका, आणि बांध ३०० हर्ट्झवर. तीन वर्षांनी एमजीएम स्टुडिओच्या डग्लस शिअरर यांच्या विभागाने चित्रपटगृहांसाठी अशीच दुभागी यंत्रणा व्यवहारात आणली आणि १९३६ सालासाठीचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळवला.

खेड्यांकडे मात्र यातलं काही आलं नाही. खेड्यात वीज-आवाज आला तो भोंग्यातून. देवळावर, लग्नाच्या मांडवावर, जत्रेतल्या तंबूच्या खांबाला बांधलेला पत्र्याचा कर्णा. त्याला बांधच नाही, कारण त्याच्यापाशी वाटायला दुसरं रान नाही. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं तो जवळजवळ टाकूनच देतो. तरीही भोंग्यातून प्रवचन कळतं, लावणी कळते, 'हरवलेल्या मुलाने मंडपापाशी यावे' ही सूचना कळते. माणसाच्या बोलण्यातला अर्थ मुख्यतः मधल्या स्वरांत असतो, आणि तेवढंच रान भोंगा कसतो.

मग भोंग्यावर गायकाचा खर्ज कसा ऐकू यायचा? याचं उत्तर तंबोऱ्यात आहे. 'खर्ज' हा शब्द षड्जाचंच बोलीरूप. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला लागतात आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. पण जव्हारीमुळे त्या तारेतून वरच्या स्वरांची मोठी रांग उठते, आणि कान त्या रांगेतल्या अंतरावरून पाया ओळखतो. पाया प्रत्यक्ष वाजला नाही तरी मेंदू तो भरून काढतो. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी लहान रेडिओवर आणि भोंग्यावर गाणं ऐकलं आणि खर्ज हरवल्याची तक्रार कुणी केली नाही. अंगाला जाणवणारा खरा खर्ज त्यांना ढोलातून, समोरासमोर मिळत होताच.

चंडीगडचे पाहुणे

रे डॉल्बी १९६३ मध्ये युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले. चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत त्यांनी दोन वर्षं काम केलं. आपल्या टेपरेकॉर्डरवर ते इथलं संगीतही मुद्रित करत. फितीची सततची 'स्स्स' त्या संगीताच्या शांत जागा खाऊन टाकते, हे त्यांना खटकत होतं. ती कमी करण्याची कल्पना त्यांना इथेच सुचली. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली आणि तिचं पहिलं यंत्र डेका या ध्वनिमुद्रण कंपनीने घेतलं.

या यंत्राच्या पोटात पाहिलं की पुन्हा बांधच दिसतात. डॉल्बींनी आवाजाचे चार पट्टे पाडले. एक ८० हर्ट्झच्या खालचा, दुसरा ८० ते ३००० हर्ट्झचा, तिसरा ३००० च्या वरचा आणि चौथा ९००० च्या वरचा. प्रत्येक पट्ट्यातला हळू आवाज मुद्रणाच्या वेळी थोडा उचलायचा आणि वाजवताना तेवढाच खाली ठेवायचा. संगीत मूळ जागी येतं, फितीची कुरबूर मात्र खाली जाते. विजेची घरघर खालच्या पट्ट्यात, फितीची सळसळ वरच्या पट्ट्यांत. आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात माणसाचा आवाज.

खालचा बांध ८० वरच का? पुरुषाच्या बोलण्याचा पाया सर्वसाधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, स्त्रीचा त्याहून वर. म्हणजे ८० ही माणसाच्या आवाजाची खालची वेस आहे. तिच्या खाली ढोल आहे, इंजिन आहे, ढगांचा गडगडाट आहे. बोलणारं माणूस नाही. ध्वनितंत्रात पुढेही हाच आकडा पुन्हा भेटतो. १९८३ मध्ये जॉर्ज लुकास यांच्या कंपनीने चित्रपटगृहांसाठी टीएचएक्स हे प्रमाण आणलं. ते उभं करणाऱ्या टॉमलिन्सन होल्मन यांच्या कामातून घरगुती संचांसाठी ८० हर्ट्झचा बांध रूढ झाला. त्यांचा निकष कानाचा होता : इतका खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून त्याचा डबा खोलीत कुठेही ठेवला तरी चालतो.

दरम्यान चित्रपटाने खर्जाची आणखी एक बाजू दाखवली होती. १९७४ च्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी काही थिएटरांत वेगळे अवाढव्य खर्ज-स्पीकर बसवले गेले, भूकंप प्रेक्षकांच्या अंगावर यावा म्हणून. खर्ज ही ऐकण्याची नव्हे, अंगावर घेण्याची वस्तू झाली. त्यानंतर 'स्टार वॉर्स'पासून डॉल्बीचं नाव थिएटरांच्या दारावर चढलं. माझा तर्क असा, की आपल्याकडे त्या पाटीवरूनच हा शब्द बोलीत उतरला. पाटीचा अर्थ होता 'स्वच्छ आवाज'. प्रेक्षकाच्या अंगाला लक्षात राहिला तो धक्का.

डिकी आणि ट्रॉली

मोटारीत बुफर इतका परिणामकारक का वाटतो, याचं कारण यंत्रात कमी आणि गाडीच्या आकारात जास्त आहे. हवेत ८० हर्ट्झची एक लाट सुमारे सव्वाचार मीटर लांब असते, ४० हर्ट्झची साडेआठ मीटर. गाडीची आतली पोकळी तीनएक मीटरची. लाट पोकळीत मावेनाशी झाली, म्हणजे साधारण साठ हर्ट्झच्या खाली गेली, की बुफर लाटा सोडत नाही. तो बंद डब्यातली हवा नुसती दाबतो आणि सोडतो. त्यामुळे जसजसं खाली जावं तसतसा गाडीच खर्जाला हात देते. थोड्या शक्तीत मोठं काम होतं.

म्हणून मोटारीत बांध घालण्याची जाणत्या कारागिरांची रीत अशी : दारातल्या सहा इंची स्पीकरना ८० च्या खालचं बंद करायचं, बुफरला ८० च्या वरचं बंद करायचं, आणि मग दहा-वीस हर्ट्झ इकडेतिकडे करून कानाने ठरवायचं. दारातले स्पीकर चार इंची असतील तर बांध शंभर-एकशेवीसपर्यंत वर न्यावा लागतो. बेस ट्यूबसारखा भोकाचा डबा असेल तर पंचवीस-तीस हर्ट्झच्या खाली आणखी एक गाळणी हवी, नाहीतर पडदा मोकाट हलून फाटतो. परीक्षाही सोपी आहे. ओळखीच्या गायकाचं गाणं लावायचं. गायक समोरच्या काचेपाशी उभा वाटला तर बांध नीट पडला. तो डिकीतून गाऊ लागला तर बुफरने वरच्याचं रान बळकावलं.

बुफरने रान बळकावणं ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. ऊसपट्ट्यात बांध कोरणं हा शब्द सगळ्यांना कळतो. नांगराच्या प्रत्येक फेरीला एक तास शेजारच्या बांधाकडे सरकायचं; काही वर्षांत बांधाची नुसती खूण उरते. अॅम्प्लिफायरवर एलपीएफ लिहिलेली खुंटी पन्नासपासून दीडशे-दोनशेपर्यंत फिरते. ती वर सरकवली की आवाज लगेच मोठा भासतो, गिऱ्हाईक खूश होतं. या पट्ट्यातल्या एका कारागिराने मला नेमक्या शब्दांत सांगितलं, "गाणं कुणाला नको असतंय, धक्का पायजे." ट्रॅक्टरवर तर हे जवळजवळ अटळ होतं. उघड्या ट्रॅक्टरला बंद डबा नाही, त्यामुळे खर्जाला गाडीची मदत नाही. खालचं ऐकू येत नाही म्हणून खुंटी वर, तरी इंजिनच्या घरघरीत पुरत नाही म्हणून आवाज वर, आणि मग आणखी एक डबा.

या हौसेला नुसतं हसण्याचं कारण नाही. अंधारात, थंडीत, जागरण करत, कारखान्याच्या रांगेत तासन् तास उभं राहणाऱ्या चालकाला जागं राहायचं असतं. ट्रॅक्टर बऱ्याचदा कर्जाचा, खेपेवर हिशोब. त्याचा बुफर ही त्याची सोबत आहे. पण त्या सोबतीची एक किंमत आहे, आणि ती कानाच्या रचनेतच लिहिलेली आहे.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल या नळीतल्या लाटांच्या अभ्यासासाठी मिळालं. नळीच्या तोंडाशी वरचे स्वर ऐकले जातात, टोकाशी खालचे. म्हणजे खर्जाच्या लाटेला आपल्या रानात जायचं तर वरच्या सगळ्या स्वरांच्या रानातून वहिवाट काढावी लागते. ती मोठी असली की जाता जाता वरची पिकं तुडवते. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं, की मोठा खालचा स्वर वरच्या स्वरांना झाकतो, पण वरचा खालच्याला तेवढा झाकत नाही. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न, 'थांब, थांब' अशी हाक, हे सगळं वरच्या रानातलं.

मापकाचा कान

आता पुन्हा १९३३ कडे. ज्या हार्वी फ्लेचर यांनी त्या वर्षी दुभागी स्पीकरचा प्रयोग केला, त्यांनीच त्याच वर्षी विल्डन मन्सन यांच्यासह कानाच्या संवेदनेचे प्रसिद्ध आलेख छापले. हळू आवाजात आपला कान खर्जाला फार मंद असतो, आणि आवाज मोठा होत गेला की हा मंदपणा कमी होतो, हे त्यांतून दिसलं. या आलेखांवरून आवाज-मापकांचे भार ठरले. शांत आवाजासाठी ए, मध्यमासाठी बी, मोठ्यासाठी सी. सुरुवातीच्या प्रमाणांत ए हा साधारण ५५ डेसिबलच्या खालच्या आवाजासाठी होता आणि ८५ च्या वर सी वापरायचा होता. ए भार खर्ज मोठ्या प्रमाणात वजा करतो : ८० हर्ट्झला सुमारे साडेबावीस डेसिबल, ५० ला तीस. सी भार ५० हर्ट्झला जेमतेम एक-सव्वा डेसिबल वजा करतो. पुढे सोयीसाठी जगभर सगळ्याच आवाजांना ए लावला जाऊ लागला, आणि मूळ अट विसरली गेली.

आपला कायदाही ए वरच उभा आहे. १४ फेब्रुवारी २००० पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागासाठी दिवसा ६५ अशा मर्यादा आहेत, सगळ्या ए भारातल्या. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी याच नियमांतली. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल आणि डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा निकाल यांनी हे नियम अमलात आणण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २००५ चा निकाल वाचताना सुरुवातीलाच थांबावं लागतं. त्यातल्या याचिकेला निमित्त झालं ते एका तेरा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराचं. शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. झाकला जाणारा आवाज कोणाचा असू शकतो, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

या निकालांनी मोठं काम केलं. तरी एक फट राहिली, ती आकड्यांनीच पाहावी. समजा घराच्या भिंतीपाशी ५० हर्ट्झचा ठोका खरोखर ९५ डेसिबल आहे. ए भारावर ठेवलेला मापक त्यातले तीस वजा करून ६५ दाखवेल. पत्रा थरथरतो आहे, पाळण्यातलं मूल दचकून उठतं आहे, आणि कागदावर आकडा दिवसाच्या बाजारपेठेत चालेल एवढा. मिरवणुकीच्या भिंतीसमोर उभं राहून मोजलं तर वरचे स्वरही भरपूर असतात आणि आकडा मर्यादेच्या पार जातो. पण आपण दूर गेलो, दारं-खिडक्या लावल्या, की भिंती वरचे स्वर अडवतात आणि खर्ज आत सोडतात. रात्री ट्रॅक्टरचा फक्त ठोका ऐकू का येतो, याचं उत्तर हेच. घरात जे पोहोचतं त्यात बहुतांश खर्जच असतो, आणि तेच मापकाला कमी ऐकू येतं.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो आहे. खर्ज जास्त असेल तिथे ए भार पुरेसा नाही. सी भारानेही मोजावं, आणि दोन्ही आकड्यांत दहापेक्षा जास्त अंतर आलं तर कोणत्या कंपनसंख्येत किती आवाज आहे याची तपासणी करावी. आपल्या नियमांत ही एवढी भर पडली तर 'बेस' नावाच्या डब्यांचा खरा हिशोब कागदावर येईल. मिरवणुका किंवा ट्रॅक्टरवरची गाणी बंद करा, असं यात कुठेही नाही. टॉपवर गाणं वाजू द्या, बेसला त्याच्या बांधाखाली राहू द्या, आणि बांधाखाली किती वाजतं ते मोजा, एवढंच.

बांधाचं भांडण कोर्टात गेलं की आधी मोजणी येते, हे भीमाकाठच्या कुणाही शेतकऱ्याला माहीत आहे. मोजणी एकाच बाजूची झाली तर निकालही एकाच बाजूचा लागतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आवाज-मापकांवर ए आणि सी असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते सी वर न्यायला एक बोट पुरतं.